खालची मूठ

डोळा खड्ड्यात पडला तेव्हा करवत ओंडक्याच्या निम्म्यावर आली होती.

थोरला वर होता, ओंडक्यावर पाय फाकवून उभा. धाकटा खाली, पुरुषभर खोल खड्ड्यात. घामाने पापण्या निसरड्या झाल्या होत्या, घळीतला वारा भुसा उलटा वर फेकत होता, आणि थोरल्याने मनगटाने डोळ्याखालचा घाम पुसला, एवढेच निमित्त झाले. खालची पापणी ओढली गेली आणि नकली डोळ्याची ती वाटीसारखी वळलेली पातळ कवची गालावरून घसरून खाली गेली. आवाज झाला नाही. भुशावर पडणाऱ्या वस्तूचा होतही नाही. थोरल्याने रिकाम्या खोबणीवर तळहात दाबला आणि करवत थांबवली. खालून एक हलका हिसका आला. दोघांच्या कामाच्या बोलीत त्याचा अर्थ होता, का थांबलास.

"डोळा पडला," थोरला म्हणाला.

खालच्या माणसाने वर पाहायचे नसते. वरून भुसा सतत झरत असतो आणि एकदा डोळ्यांत गेला की दिवस वाया जातो. इतक्या वर्षांत धाकट्याच्या मानेला हा नियम असा भिनला होता की करवत थांबली तरी तो वर पाहत नसे. आताही त्याने पाहिले नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी भुसा चाळू लागला. आधी पायांभोवती, मग भिंतीच्या कडेने. सापडला तो अगदी मध्ये, उताणा, स्वच्छ, तपकिरी, लाल रेशमाच्या बारीक शिरा घातलेला, आणि त्या क्षणी कोणाचाच नसलेला.

धाकट्याने तो बाहेर काढलेला कधी पाहिला नव्हता. थोरला रोज पहाटे मागच्या खोलीचे दार लावून, भिंतीकडे तोंड करून डोळा धूत असे. तो कापडाने पुसायचा असतो की नसतो हे भावाला ठाऊक नव्हते. म्हणून त्याने तो तसाच तळहातावर घेतला आणि मान खाली ठेवून हात उंच धरला. थोरला ओंडक्यावर पालथा झाला, हात खाली सोडला आणि वीतभर अलीकडेच मूठ मिटली. हवा हाती आली. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा धाकट्याने स्वतःचा हात त्याच्या बोटांना नेऊन लावला.

थोरल्याने पिण्याच्या पाण्याने कवची धुतली, वरच्या पापणीखाली आधी सरकवली, खालची पापणी ओढून बसवली आणि जागेवर परतला. त्याने करवतीला दोन हिसके दिले. खाली वजन आले.

वादळात घळीतले मोठाले वृक्ष मुळासकट आडवे झाले होते. घळीत वाहन उतरत नाही, आणि अखंड खोड वर चढवणे अशक्य. म्हणून ते जागेवरच चिरून, फळ्या खांद्यावरून वर न्यायच्या, आणि तेही घळीला पाणी येण्याआधी. रस्त्यावर यांत्रिक गिरणी सुरू झाल्यापासून दोन माणसांची उभी करवत भिंतीवर टांगण्याची वस्तू झाली होती. हे काम वखारवाल्याने दिले ते केवळ गिरणी घळीत उतरू शकत नाही म्हणून.

या करवतीची रीत अशी. खालचा ओढतो, लाकूड चिरले जाते ते त्याच्या ओढीने. वरचा करवत उचलतो आणि तिला वाट दाखवतो. ओंडक्यावर लाल कावेत भिजवलेल्या दोरीने सूत मारलेले असते, म्हणजे सरळ रेघ उमटवलेली, एक वर, एक खालच्या अंगाला. वरच्याने वरची रेघ राखायची, खालच्याने खालची पाहायची. वरची मूठ पात्याला कायमची जोडलेली असते. खालची सुटी असते. पाचर ठोकून बसवायची, करवत बाहेर काढताना सोडवायची. ही मूठ करवतीची नसते, माणसाची असते. खालचा माणूस ती आपल्या हाताने, आपल्या हातासाठी घडवतो, आणि जोडी मोडली तर ती घेऊन घरी जातो. तेवढ्याने समजायचे ते समजते.

थोरल्याचा डावा डोळा गेला तो अशाच एका पाचरीने. धाकटा खालून ठोकत होता, हा वरून वाकला होता, लोखंडाची कपची उडाली. ठोकण्याआधी हाक द्यायला हवी होती असे एक म्हणू शकला असता, आणि हाक येईपर्यंत वाकायला नको होते असे दुसरा. दोघांनीही ते म्हटले नाही. त्याऐवजी एवढेच घडले की धाकट्याने भावाच्या चेहऱ्याकडे पाहणे सोडले. बोलताना तो त्याच्या खांद्याकडे पाही, नाहीतर करवतीकडे. थोरल्याच्या लग्नाचे बोलणे चालले होते, ते त्या वर्षी थांबले आणि पुन्हा कोणी काढले नाही. घराच्या मागच्या खोलीत त्याची खाट, कानशी आणि डोळ्यासाठी झाकणाची वाटी, एवढा संसार राहिला.

डोळा मात्र उत्तम होता. शहरातल्या घडवणाऱ्याने समोर बसवून, उजव्याशी रंग ताडून पाहत तो रंगवला होता; इतका की लोक बोलताना नेमके त्याच्याशीच बोलत. उजवा डोळा उन्हाने आणि भुशाने लालसर, मिचमिचा. डावा सदैव ताजा, लक्ष देऊन ऐकणारा. समोरचा माणूस साहजिकच त्याला धरून बोले, आणि थोरला आपल्याच नाकाच्या पलीकडे चाललेले ते संभाषण शेजाऱ्याच्या घरातले ऐकावे तसे ऐकत राही. कोणी त्या बाजूने येऊन बसले तर हाताला हात लागेपर्यंत त्याला कळत नसे. पेल्यात पाणी ओतताना तो तांब्याची कड पेल्याच्या कडेला टेकवून घेई. भावजय शहाणी होती. त्याच्या डावीकडून येताना ती भांडे मुद्दाम वाजवी आणि ताट पुढ्यात न ठेवता हातात देई. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि त्यानेही कधी दाखवले नाही की त्याला कळते.

एक गोष्ट मात्र त्याने दाखवली, आणि वर्षानुवर्षे दाखवली. डोळा गेल्यावरही त्याची फळी सरळ येत होती. सगळ्यांना वाटले होते की तो आता खाली जाईल. पण खाली भुसा, आणि खोबणीत भुसा गेला की ती आठवडाभर वाहते, तेव्हा वरची जागा त्याच्याकडेच राहिली आणि पहिलीच फळी अशी आली की वखारवाल्याने ती चारचौघांना दाखवली. चहाच्या टपरीवर त्याचे नाव दुर्बीण पडले. नेम धरताना शहाणा माणूस एक डोळा मिटतोच, तेव्हा याचा कायमचा मिटला तर बिघडले काय, असे लोकांचे मत झाले. हे मत सोयीचे होते, म्हणून टिकले. थोरल्याला ते आवडे. टपरीवर कोणी नवी काठी घेऊन आला की ती त्याच्या हाती देत, आणि तो ती उजव्या डोळ्यासमोर धरून निकाल देई. दुसरे काही त्याच्यापाशी नव्हते.

डोळा सैल झाल्याचे त्याला ठाऊक होते. घडवणाऱ्याने मागेच सांगितले होते की आतले मांस बसत जाते, चेहरा बदलतो, कवची बदलत नाही; नवी करून घ्या. तो जाणे टाळत होता. शहरात काही दिवस राहावे लागले असते, तेवढे दिवस करवत बंद राहिली असती, आणि धाकट्याला करवतीवाचूनही दिवस जातो हे कळले असते. करवतीला दोघे लागतात. दुसरा गेला की पहिला उरत नाही. उरतो तो फक्त मागच्या खोलीतला माणूस.

आणि वखारवाल्याने नेमके तेच आणले. फळ्या पाहायला तो घळीत उतरला, धाकटा दूर कानशीने दाते घासत होता, तेवढ्यात वखारवाला ओंडक्यावर टेकला आणि थोरल्याच्या डाव्या डोळ्याकडे पाहून म्हणाला की धाकट्याला गिरणीवाल्याने बोलावले आहे, उभ्या पट्ट्याने लाकूड चिरणाऱ्या यंत्रावर, चांगले झाले.

"तुझ्यासाठीपण शब्द टाकलाय मी, दुर्बीण. फाटकावर बसायला. तुझा एक तर मिटतच नाही. चोराला कळणार कसं, कुठला झोपलाय ते?"

थोरला हसला. अशा ठिकाणी हसायचे हे त्याने फार पूर्वी ठरवून टाकले होते. त्या दिवशी करवत चालू असताना तो खालच्या प्रत्येक ओढीत काही निराळे लागते का ते पाहत राहिला. निराळे काही लागले नाही. संध्याकाळी ताट देताना भावजय क्षणभर थांबली, धाकट्याकडे पाहिले, आणि आत गेली. धाकटा ताटाकडे पाहत जेवत होता. थोरल्याने मीठ मागितले. मीठ मिळाले.

पुढे दोन दिवसांनी धाकटा म्हणाला की उद्या त्याला जरा काम आहे, तिकडे रस्त्याला जाऊन येतो. खाली मेहुणा येईल. मेहुणा म्हणजे भावजयीचा भाऊ, बायकोपोरांचा धनी, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा, अंगाने दणकट आणि तोंडाने त्याहून.

"कसलं काम?" थोरल्याने विचारले.

"आहे थोडं," धाकटा त्याच्या खांद्याला म्हणाला.

मेहुण्याने खड्ड्यात उतरण्यापूर्वीच तक्रार सुरू केली. हा खड्डा कामासाठी आहे की त्याला पुरण्यासाठी, हे आधी स्पष्ट व्हावे. त्याची बहीण विचारील. मग मूठ हातात घेतली आणि ती उलटसुलट करून पाहिली.

"भाऊजी, तुमचा भाऊ डावखुरा आहे का हो?"

"नाही. का?"

"मग ही मूठ अशी काय झिजलीय? एका अंगाला पार खळगा. हात बसतच नाही सरळ."

थोरल्याने त्याला ओढायला सांगितले. मेहुणा ओढू लागला. त्याच्यात जोर भरपूर होता आणि मन लावून ओढण्याची तयारीही होती. दर थोड्या वेळाने तो भुशाला, वखारवाल्याला आणि आपल्या बहिणीच्या सासरला नावे ठेवी, पण हात थांबवत नसे. थोरला वरच्या रेघेवर होता. करवत कावेच्या लाल रेघेवरून केसभरही हलत नव्हती. तो भावावाचून चिरत होता आणि रेघ जशीच्या तशी होती, हे पाहून त्याच्या मनात आधी जे आले ते समाधान होते. मग वाईट वाटले, पण थोडेच.

दुपारनंतर वखारवाला आला. फळी सुटून आडवी झाली तेव्हा त्याने तिच्या टोकाशी बसून बोटे लावली. वरच्या अंगाला जाडी तीन बोटे, खालच्या अंगाला जेमतेम दोन.

"दुर्बीण, ही फळी आहे की पाचर?"

थोरल्याने वाकून पाहिले, मग हाताने चाचपले. त्याने मेहुण्याला चांगलेच सुनावले: खालची रेघ दिसत नव्हती का, तिरके ओढत राहिलास, एवढे मोठे लाकूड वाया घालवलेस. मेहुणा खड्ड्यातून वर आला, भुवयांतला भुसा झटकला. या वेळी त्याने विनोद केला नाही.

"मी तिरकं नाही ओढलं. मी नुसतं ओढलं. करवत वरून जशी आली तशी."

वखारवाला निघून गेला, मेहुणा घळीच्या तोंडाशी पाणी पिऊ लागला. थोरला ओंडक्यावर बसला आणि मूठ त्याने मांडीवर घेतली. कठीण लाकूड, तेलाघामाने काळे पडलेले. जिथे उजव्या हाताच्या अंगठ्याचे मूळ टेकते तिथे खोल खळगा होता, गुळगुळीत, ओढ्यातल्या दगडाला पडतो तसा. सरळ खाली ओढणाऱ्याची मूठ वरून झिजते. ही कडेने झिजली होती. वर्षानुवर्षे कोणीतरी खाली ओढता ओढता तिला एका बाजूला दाबून धरले होते.

रेघ राखायला एक डोळा पुरतो. त्यात लोकांचे काही चुकले नव्हते. चुकले ते दुसरीकडे. पाते उभे आहे की कलले आहे हे रेघ सांगत नाही. वरून पाहणाऱ्याला ते कळायला दोन डोळे लागतात, किंवा खाली दुसरा माणूस. वरची रेघ थोरल्याची होती. फळी त्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी धाकटा कामावर आला. कालची फळी त्याने ओलांडली, तिच्याकडे एकवार पाहिले, आणि काही न विचारता खड्ड्यात उतरून मूठ बसवली. थोरला वर उभा राहिला. सूत मारून झाले होते.

"आज तू नुसता ओढ," तो म्हणाला.

खाली पाचरीवर आणखी एक ठोका पडला.

"ऐकलंस का? दाबू नकोस. सोडून दे तिला."

"दादा, राहू दे ना."

"ओढ."

धाकट्याने ओढले. थोरल्याने कधी नव्हे इतक्या काळजीने हात चालवले. कोपर अंगाशी घेतले, मान सरळ ठेवली, प्रत्येक उचलीला पाते आपल्या मते भिंतीसारखे उभे केले. रेघ जागेवर होती. हातभर चीर पडल्यावर त्याने करवत थांबवली, ओंडक्यावरून उतरला, खड्ड्याच्या कडेचा अंदाज पायाने घेतला आणि खाली गेला. खालच्या अंगाची लाल रेघ एकीकडे होती आणि चीर दुसरीकडे, दोघींमध्ये बोट मावेल एवढी जागा. चीर डावीकडे गेली होती, त्याच्या आंधळ्या अंगाला. ज्या अंगाला तो चालतानाही थोडा झुकतो असे भावजय एकदा नवऱ्याला म्हणाली होती आणि थोरल्याने ते ऐकले होते.

खड्डा दोघांना अरुंद होता. ते खांद्याला खांदा लावून उभे होते.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सांगितलं का नाहीस?"

धाकट्याने मूठ चोळली. "काय सांगायचं? फळी तर सरळ येत होती."

थोरल्याने त्याचे मनगट हातात घेतले. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आले होते, सुपारीएवढे, कडक. हिवाळ्यात धाकटा त्यावर कापड बांधी आणि थंडीने दुखते म्हणे. थोरल्याने त्याला कित्येकदा कानशीचे तेल लाव म्हणून सांगितले होते.

"गिरणीवाल्याला काय म्हणालास?"

"विचार करून सांगतो म्हणालो."

"हो म्हण."

"आणि तू?"

थोरल्याने त्याचे मनगट सोडले. फाटकावर बसण्याच्या कामालाही कोणीतरी हो म्हणावे लागते आणि ते तो म्हणेल, हे दोघांना कळले होते. ते उच्चारून काही निराळे झाले नसते. तो म्हणाला, "हा ओंडका तर संपवायचाय. वर जा तू."

"तुला भुसा चालत नाही."

"डोळ्याला नाही चालत. डोळा काढून ठेवतो."

आणि त्याने खालची पापणी ओढली, कडेला बोट दाबले, कवची तळहातावर घेतली. या वेळी त्याने पाठ फिरवली नाही. "वर कुठेतरी नीट ठेव. पुन्हा शोधायला नको."

धाकट्याने डोळा घेतला. मग त्याने मान वर केली आणि भावाच्या चेहऱ्याकडे पाहिले. आधी उजव्या बाजूकडे, मग डाव्या. डाव्या बाजूला पापण्या आत बसल्या होत्या आणि त्यांच्या कडेने पाणी येत होते. त्या बाजूला पाणी येते हे त्याला माहीत नव्हते. तो बराच वेळ पाहत राहिला, जणू कोणी त्याला ते मोजून आणायला सांगितले होते. मग डोळा रुमालात गुंडाळून वर चढला.

थोरल्याने डोक्यावरचे फडके सोडून खोबणीवर घट्ट बांधले आणि उजवा डोळाही मिटून घेतला. खाली पाहण्यासारखे काही नव्हते. मूठ हातात घेतली. खळगा त्याच्या अंगठ्याला मोठा होता. वरून दोन हिसके आले, थोडे अनोळखी, जड पावलांच्या पाहुण्यासारखे. त्याने एकदा ओढून होकार दिला.

करवत चालू झाली. भुसा केसांत, मानेत, ओठांवर पडू लागला. ओला, कडवट वासाचा, ऊबदार. इतकी वर्षे हा भुसा भावाच्या अंगावर पडत होता आणि त्याला घरी येऊन तो झटकताना पाहण्यापलीकडे थोरल्याला त्याची माहिती नव्हती. चीर जिथे वाकडी गेली होती तिथे धाकट्याने पाते हळूहळू उभे केले आणि मग वाट धरली. थोरला ओढत होता. अंगठ्याचे मूळ त्याने खळग्यात टेकवून ठेवले होते आणि तो वाट पाहत होता, की आता करवत कलेल, आता डावीकडे वजन येईल, आता आपल्याला दाबून धरावे लागेल. तेवढे तरी ऋण या ओंडक्यावर फिटले असते.

करवत येत होती, जात होती, ओळंब्यासारखी उभी. त्याने ओंडक्याच्या टोकापर्यंत वाट पाहिली. सावरण्याजोगे काहीच आले नाही.